सशांवरची चाचणी गेली, आता नुसत्या एलएएलवर भागेल का?

क्यूसी_इंजेक्टेबल:
1 जुलै 2025 पासून युरोपियन फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांचा ग्रंथ) कुठल्याच मोनोग्राफमध्ये (एकेका औषधाचं मानक) सशांवरची पायरोजन चाचणी, म्हणजे ताप आणणारे पदार्थ शोधणारी चाचणी, मागितलेली नाही. शिरेतून द्यायचं इंजेक्शन आहे, एलएएल (हॉर्सशू क्रॅबच्या रक्ताच्या अर्काने होणारी एंडोटॉक्सिन चाचणी) आधीपासून चालू आहे. तेवढ्यावर भागेल की मोनोसाइट ॲक्टिव्हेशन टेस्ट, म्हणजे मॅट (नमुन्याने माणसाच्या रक्तपेशी चेततात का ते बघणारी चाचणी), करावीच लागेल?

नियमन_डेस्क:
फार्माकोपियाचं प्रकरण 5.1.13 हा निर्णय तुमच्या जोखीम मूल्यमापनावर सोडतं. एलएएल फक्त ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या भिंतीतला ताप आणणारा घटक) पकडते. कच्चा माल किण्वनातून येत असेल, ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणू किंवा बुरशीचे अवशेष राहायला वाव असेल, तर ते एलएएलमधून निसटतात. तिथे मॅटच. पूर्ण रासायनिक संश्लेषण आणि पाणी-बायोबर्डनच्या (सूक्ष्मजीवांच्या संख्येच्या) नोंदी चोख असतील तर नुसती एलएएल टिकते, पण कारणमीमांसा लेखी हवी. ‘सशात आजवर एकही बॅच फेल नाही’ एवढं पुरत नाही.

बाकी एलएएलसुद्धा हॉर्सशू क्रॅबच्या रक्तातूनच बनतं. प्राणी पूर्णच टाळायचे असतील तर 2.6.32 मधला रिकॉम्बिनंट फॅक्टर सी (त्या रक्तातलं, पण प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन) बघा.

मायक्रो_बेंच:
मॅट (2.6.30) लावण्याआधी जास्तीत जास्त किती पातळ करता येईल ते काढा. मर्यादा म्हणजे के (किलोमागे चालणारी एंडोटॉक्सिनची मात्रा) भागिले एम (किलोमागे तासाचा जास्तीत जास्त डोस). शिरेतून देताना के 5 ईयू (एंडोटॉक्सिन युनिट)/किलो/तास. डोस तासाला 10 मिग्रॅ/किलो असेल तर 0.5 ईयू/मिग्रॅ. द्रावण 20 मिग्रॅ/मिली, पद्धतीची शोधमर्यादा 0.05 ईयू/मिली धरली तर 0.5 × 20 ÷ 0.05 = 200 पट. यापुढे पातळ केलं की ‘पास’ला अर्थ उरत नाही.

या हद्दीत स्पाइकची (नमुन्यात मुद्दाम टाकलेल्या ठराविक एंडोटॉक्सिनची) रिकव्हरी, म्हणजे त्यातलं मोजून परत मिळणारं प्रमाण, 50 ते 200 टक्के यायला हवी. घोटाळा बहुतेक इथेच होतो. औषध स्टेरॉइड असेल तर पेशी आयएल-6 (मॅटमध्ये मोजलं जाणारं संकेत-प्रथिन) कमी सोडतात आणि दूषित बॅचही स्वच्छ दिसते. उलट औषधच पेशींना चेतवत असेल तर प्रमाणित लॉटशी तुलना करा. नुसत्या एंडोटॉक्सिनवर पद्धत सिद्ध करू नका. फ्लॅजेलिन (जिवाणूंच्या शेपटीतलं प्रथिन) आणि उष्णतेने मारलेला स्टॅफिलोकोकस ऑरियसही वापरा, नाहीतर मॅट घेऊन मिळवलं काय? ब्लँक (नमुन्याशिवायचं मोजमाप) चढला तर आधी टिप्स आणि सीरमचा लॉट तपासा.

क्यूसी_इंजेक्टेबल:
फॉर्म्युलेशनमध्ये पॉलिसॉर्बेट 80 आणि सायट्रेट बफर आहे.

मायक्रो_बेंच:
मग या जोडीमुळे लो एंडोटॉक्सिन रिकव्हरीचा, म्हणजे असलेलं एंडोटॉक्सिन चाचणीत न दिसण्याचा, धोका आहे. स्पाइक टाकून लगेच मोजला तर पूर्ण मिळतो, नमुना ठेवला की हळूहळू दिसेनासा होतो. पातळ न केलेल्या उत्पादनात स्पाइक टाकून 0, 4, 24 तास आणि 7 दिवसांनी मोजा, शेजारी तोच स्पाइक पाण्यात ठेवा. नमुना प्रत्यक्षात ज्या भांड्यात आणि तापमानात राहतो, तेच इथेही ठेवा.