चार्ली प्राइड गप्प राहिला, हे त्याचं चुकलं का?

रानवाट:
अमेरिकेतल्या कंट्री संगीताची (तिथल्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय गाण्यांची) चर्चा निघाली की चार्ली प्राइडवर एक आरोप हमखास होतो. गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या संगीतात टिकून राहायचं म्हणून हा काळा गायक वर्णभेदावर अवाक्षर बोलला नाही, असा तो आरोप. मला तो साफ अन्यायाचा वाटतो.

माणूस कुठून आला ते आधी बघा. जन्म १९३४चा, मिसिसिपीतल्या स्लेज गावचा. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारं घर, अकरा भावंडं. वडिलांच्या फिल्को रेडिओवर कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, तिथून ही गाणी त्याच्या कानात बसली. पण आधी नाद बेसबॉलचा. काळ्या खेळाडूंसाठी वेगळ्या असलेल्या लीगमध्ये तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. एका क्लबने तर त्याला आणि आणखी एका खेळाडूला दुसऱ्या क्लबला देऊन बदल्यात संघासाठी जुनी बस घेतली! पुढे माँटानात ईस्ट हेलेनाला धातू वितळवणाऱ्या कारखान्यात भट्टीवरचं काम केलं. तिथल्या संघातून खेळायचा आणि सामन्याआधी पंधरा मिनिटं गायचा, त्याचे दहा डॉलर वेगळे.

गिटारवादक आणि निर्माता चेट अॅटकिन्सने त्याला आरसीए या रेकॉर्ड कंपनीत घेतलं. १९६६ साली पहिली रेकॉर्ड आली, ती रेडिओ स्टेशनांना फोटोशिवाय पाठवली गेली. त्याच वर्षी डेट्रॉइटला मोठा कार्यक्रम होता. नाव पुकारल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो मंचावर येताच टाळ्या विरत विरत थांबल्या. त्याने हसून सांगितलं की अंगावर हा कायमचा टॅन (उन्हाने रापलेला रंग) घेऊन कंट्री गायला आलोय, हे जरा वेगळं वाटेल खरं. मग गायला लागला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्या क्षणी भाषण ठोकलं असतं तर तो मंच दुसऱ्यांदा मिळाला असता का?

गावठाण:
त्याच्या धाडसाबद्दल वाद नाहीच. पण तुम्ही सांगितलेला तोच प्रसंग मला खुपतो. हजारो लोक त्याचा रंग बघून गप्प झाले, आणि त्यांचा अवघडलेपणा घालवायची जबाबदारी कोणावर आली? त्याच्यावरच. आपल्या कातडीवर आपणच विनोद करायचा, तेव्हा कुठे गायची परवानगी. याला यशाची युक्ती म्हणून नावाजायचं असेल तर नावाजा, मला ते जमणार नाही.

आणि फोटो का लपवला? कंपनीला माल विकायचा होता म्हणून.

पावा:
गावठाण, फोटोची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आहे. म्हणजे दुकानात जाणाऱ्याला कळत होतंच.

मला मात्र या वादात त्याचं गाणं हरवतंय याचं वाईट वाटतं. तुझ्या लोकांनी जसं गावं तसं तू का गात नाहीस, असं त्याला दोन्हीकडचे लोक विचारत. पण हँक विल्यम्स, रॉय एकफ हे कंट्री गायक ऐकत वाढलेल्या पोराने गायचं तरी काय? त्याचा तो जाडसर, स्वच्छ, कुठेही जोर न लावणारा आवाज उसना नव्हता. फोर्ट वर्थच्या पँथर हॉलमधलं त्याचं १९६८चं थेट रेकॉर्डिंग मिळवून ऐका. मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला त्याच वर्षी टेक्सासमध्ये तो गोऱ्या श्रोत्यांसमोर उभा होता. गाण्यांच्या मधे अगदी निवांत बोलतो आणि लोक ओरडून दाद देतात. मला तरी त्यात लाचारी ऐकू येत नाही.

सांजवेळ:
उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट विसरू नका. १९७६ साली तिथे बॉम्बस्फोट चालू होते, बाहेरचे कलाकार फिरकत नव्हते. हा गेला आणि गायला. ऐकायला प्रोटेस्टंट-कॅथलिक दोन्ही आले. न बोलताही भूमिका घेता येते.

गावठाण:
पावा, आवाजाबद्दल शंभर टक्के मान्य. ते संगीत त्याचंच होतं, उलट माझा मुद्दाच तो आहे. बँजो आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी अमेरिकेत आणला. 'ऑप्री'च्या सुरुवातीच्या लाडक्या कलाकारांत डीफोर्ड बेली हा काळा माउथऑर्गन वादक होता, त्याला १९४१ साली काढून टाकलं. त्याच्यानंतर तिथे काळा सदस्य आला तो थेट १९९३ साली, म्हणजे प्राइडच. लिंडा मार्टेल ही काळी गायिका १९६९ला 'ऑप्री'त गायली, एक अल्बम निघाला आणि तिची वाट बंद झाली.

प्राइडची २९ गाणी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, त्यातलं शेवटचं १९८३चं. त्यानंतर त्या जागी एकट्याच्या गाण्याने पुढचा काळा गायक पोचला २००८ साली, डॅरियस रकर. पंचवीस वर्षं! नॅशव्हिलने एकाला आत घेतलं आणि 'बघा, आमच्यात भेद नाही' म्हणायला मोकळं झालं. त्याच्या गप्प राहण्याचा फायदा त्यांनी असा उपटला.

रानवाट:
पंचवीस वर्षांचा आकडा खरा आहे, पण त्याचा जाब रेकॉर्ड कंपन्यांना आणि रेडिओवाल्यांना विचारा ना. १९७१ला कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातला सर्वोत्तम कलाकार निवडलं, ते 'किस अॅन एंजल गुड मॉर्निन'चं वर्ष. इतक्या उंचीवर जाऊन त्याने कोणाची वाट अडवली? एकाही काळ्या गायकाची नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये जीवनगौरव मिळाला तेव्हा तेच गाणं तो जिमी अॅलन या तरुण काळ्या गायकासोबत गायला. पुढची पिढी त्याच्या शेजारी उभी होती.

गावठाण:
त्याने वाट अडवली असं मी म्हटलेलंच नाही. तो बोलला असता तर त्या कंपन्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, एवढंच म्हणतोय. आणि १९७१ साली, यादीत पहिला असताना, त्याच्याइतकं वजन दुसऱ्या कुणाकडे होतं? आरसीएत तेव्हा एल्विसच्या खालोखाल त्याच्या रेकॉर्ड खपत होत्या. अशा माणसाला कंपनीने काढलं नसतं.

पावा:
कंपनीने काढलं नसतं, पण दक्षिणेतल्या रेडिओ स्टेशनांनी वाजवणं बंद केलं असतं. कंट्रीत रेडिओ थांबला की गायक थांबला. हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.