एक्लिप्समध्ये जावा वेब प्रोजेक्टसाठी नेमकी कुठली प्लगइन्स टाकायची?

वाळवंटीकाठ:
नमस्कार मंडळी. मी साखळीची, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या वाचनालयाच्या पुस्तक-देवघेवीचा प्रोजेक्ट घेतलाय. सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारा जावा कोड), जेएसपी (जावा मिसळलेलं एचटीएमएल पान) आणि मायएसक्यूएल डेटाबेस. चवथीच्या सुट्टीआधी सरांना चालता डेमो दाखवायचा आहे.

लॅपटॉपवर विंडोज ११, रॅम ८ जीबी. जेडीके १७ (जावाची मूळ साधनं), कोड लिहायला एक्लिप्सचं 'जावा डेव्हलपर्स' पॅकेज आणि वेब सर्व्हर म्हणून टॉमकॅट १०.१ टाकलंय. पण 'न्यू'च्या यादीत 'डायनॅमिक वेब प्रोजेक्ट' दिसतच नाही. मैत्रीण म्हणाली प्लगइन टाक, म्हणून मार्केटप्लेस उघडलं तर नावांचा ढीग. सीनियरचा जुना प्रोजेक्ट आणला, तर जिथे जिथे 'जावॅक्स डॉट सर्व्हलेट' आहे तिथे लाल रेघ. एका व्हिडिओत सांगितलं तशी सर्व्हलेट-एपीआयची जार (तयार जावा कोडची फाइल) लिब फोल्डरमध्ये ठेवली. रेघा गेल्या, पण ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे पान सापडतच नाही. घरी नेट फोनच्या हॉटस्पॉटवरच चालतं, त्यामुळे डाउनलोड जपून करावं लागतं. नक्की काय काय टाकू?

माशेल_जावा:
ताई, आधी मार्केटप्लेस बंद कर. तुला तिथलं काहीही नको आहे. मी पणजीत नोकरीला आहे, रोज जावाच लिहितो, आणि नवीन मुलं आली की त्यांच्या मशीनवर पहिल्यांदा हेच बघतो: तीसेक प्लगइन्स, आणि प्रोजेक्ट मात्र चालत नाही. अडचण बहुतेक वेळा प्लगइनची नसतेच. जेडीके, टॉमकॅट आणि तुझा कोड, या तिघांचं एकमेकांशी जुळतंय का, एवढंच बघायचं असतं.

मेन्यूचं सोपं आहे. तुझ्या पॅकेजमध्ये वेब टूल्स येत नाहीत, ती 'एंटरप्राइझ जावा अँड वेब डेव्हलपर्स' पॅकेजमध्ये असतात. ते पॅकेज ५०० एमबीच्या आसपास जातं. हॉटस्पॉटवर एवढं नको. आहे त्याच एक्लिप्समध्ये 'हेल्प'मधून 'इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर' उघड, वरच्या चौकटीत तुझ्याच आवृत्तीची रिलीज साइट निवड, आणि खाली 'वेब, एक्सएमएल, जावा ईई' असं नाव असलेला गट उघड. त्यातली जावा ईई डेव्हलपर टूल्स, जावा वेब डेव्हलपर टूल्स, वेब डेव्हलपर टूल्स आणि जेएसटी सर्व्हर अडॅप्टर्स यांवर खूण कर. त्यांना लागणारं बाकीचं एक्लिप्स आपणच ओढून घेतं. टॉमकॅट चालू-बंद करायला वेगळं प्लगइन लागत नाही, ते काम सर्व्हर अडॅप्टर करतो. पावसात वीज जायच्या आत, सकाळीच उरकून घे.

आता लाल रेघा, कारण खरी गोम तिथे आहे. २०१७ मध्ये ऑरेकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण 'जावॅक्स' या नावाखाली पुढचे बदल करायची मुभा दिली नाही. म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावंच बदलली आणि 'जावॅक्स डॉट सर्व्हलेट'चं 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' झालं. टॉमकॅट ९ ला जुनं नाव कळतं, १० पासून पुढे फक्त नवं. तुझ्या सीनियरचा कोड ९ च्या काळातला आहे आणि तू तो १०.१ वर चालवते आहेस. लिबमध्ये जार टाकलीस तेव्हा कंपायलरला जुनी नावं सापडली, म्हणून रेघा गेल्या. टॉमकॅटच्या लेखी मात्र तो सर्व्हलेटच नाही. वर्गावरचं जुन्या नावाचं अ‍ॅनोटेशन (हा सर्व्हलेट आहे, असं सांगणारी कोडमधली खूण) तो बघतही नाही. तुझं ४०४ तिथून येतंय. ती जार आजच काढ. सर्व्हलेटची जार सर्व्हरने पुरवायची असते, प्रोजेक्टने बाळगायची नसते.

माझं ऐकशील तर टॉमकॅट ९ घे. लहानशी झिप आहे आणि जेडीके १७ वर व्यवस्थित चालतं. सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये उघड, डेस्कटॉपवर नको. मग प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेटेड रनटाइम्स'खाली टॉमकॅट ९ वर खूण कर, आणि 'प्रोजेक्ट फॅसेट्स'मध्ये डायनॅमिक वेब मॉड्यूल ४.० ठेव. तिथे ६.० असेल तर ९ वर चढणार नाही.

एक्लिप्समधून टॉमकॅट सुरू केल्यावर नुसता लोकलहोस्ट ८०८० उघडलास तरी ४०४ दिसेल, त्याने घाबरू नकोस. एक्लिप्स वर्कस्पेसमध्ये स्वतःची वेगळी मांडणी करून सर्व्हर चालवतं, त्यात टॉमकॅटचं स्वागताचं पान नसतं. पत्त्यापुढे प्रोजेक्टचं नाव लाव.

म्हापसा_वेब:
दादांचं बाकी सगळं पटलं, पण आज नवीन शिकणाऱ्या मुलीला टॉमकॅट ९ का? १०.१ आहेच तिच्याकडे. सगळ्या प्रोजेक्टमध्ये 'जावॅक्स डॉट सर्व्हलेट' शोधून 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' करायचं, पाच मिनिटांचं काम. फक्त सरसकट 'जावॅक्स' बदलू नकोस. 'जावॅक्स डॉट एसक्यूएल' जेडीकेचाच भाग आहे, तो तसाच राहतो. आणि ८ जीबीवर एक्लिप्स जड वाटलं तर व्हीएस कोड आणि त्याचा जावा एक्स्टेंशन पॅक बघ.

माशेल_जावा:
नोकरीतला नवा प्रोजेक्ट असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण तिच्या कॉलेजच्या नोट्स, सीनियरचा कोड, बहुधा जेएसटीएलची (जेएसपीच्या तयार टॅगांची) जारसुद्धा, सगळं जुन्या नावांचं असणार. डेमो तोंडावर असताना प्रत्येक उदाहरण मनात भाषांतरित करत बसायला लावू नये. आधी चालतं करू दे. व्हीएस कोडला माझा विरोध नाही, पण सर आणि वर्गातली मुलं एक्लिप्सवर असतील तर अडलं की शेजारचा मदत करू शकतो.

वाळवंटीकाठ:
दादा, टॉमकॅट ९ वर चाललं! जार काढली, रनटाइम बदलला आणि लॉगिनचं पान पहिल्या फटक्यात उघडलं. म्हापशाच्या दादांचेही आभार, डेमो झाला की जकार्ता करून बघेन. आता एकच राहिलं. पुस्तकांच्या यादीत मराठी नावं येत नाहीत. मायएसक्यूएलच्या वर्कबेंचमध्ये मी स्वतः भरलेली अक्षरं छान दिसतात, पण सर्व्हलेटने छापलेल्या पानावर 'साखळी'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं. ह्यासाठी मराठीचं काही प्लगइन असतं का?

माशेल_जावा:
प्लगइन नाही, ताई. पण विचारलंस ते फार बरं केलंस. वाचनालयाच्या यादीत मराठी पुस्तकाचं नाव प्रश्नचिन्हांत दिसणं मला चालणार नाही, तुलाही चालू देऊ नकोस.

तू पाच प्रश्नचिन्हं मोजलीस, त्यातच उत्तर आहे. 'साखळी'त युनिकोडची पाच चिन्हं आहेत: स, काना, ख, ळ, दुसरी वेलांटी. म्हणजे जावाकडे शब्द पूर्ण आणि बरोबर पोहोचला होता. पानावर लिहिताना एकाही चिन्हाला जागा मिळाली नाही, म्हणून एकेकाचं प्रश्नचिन्ह झालं. सांगितलं नाही तर सर्व्हलेटचा प्रतिसाद आयएसओ ८८५९-१ या जुन्या अक्षरसंचात जातो आणि त्यात देवनागरी नाही. सर्व्हलेटमध्ये 'सेट-कंटेंट-टाइप'ला टेक्स्ट-एचटीएमएलसोबत कॅरसेट (अक्षरसंच) यूटीएफ-८ दे, त्यात देवनागरी बसते. ही ओळ 'गेट-रायटर'च्या आधी हवी. नंतर लिहिलीस तर एररही येत नाही आणि अक्षरंही बदलत नाहीत. तुझा कोड बघितला नाही, पण ओळ असलीच तर ती खाली गेली असेल.

पुढची अडचण आत्ताच सांगतो. फॉर्ममधून पुस्तकाचं नाव भरशील तेव्हा प्रश्नचिन्हांऐवजी टोपीवाल्या इंग्रजी अक्षरांची लांबलचक रांग येईल. तेव्हा समज की उलट बाजूला, वाचताना, बिघडलंय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं आणि टॉमकॅट ९ फॉर्मचा प्रत्येक बाइट वेगळं अक्षर म्हणून वाचतो. त्यासाठी वेब डॉट एक्सएमएलमध्ये 'रिक्वेस्ट-कॅरेक्टर-एन्कोडिंग' यूटीएफ-८ असं लिही. सर्व्हलेट ४.० पासून हे चालतं, म्हणजे तुला चालेल. जेएसपीच्या पहिल्या ओळीतही पेज-एन्कोडिंग यूटीएफ-८ हवं.

टेबल मात्र यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) चंच आहे ना, तेवढं बघून घे. ओळ बदलूनही प्रश्नचिन्हं राहिली तर तो सर्व्हलेट इथे चिकटव, पासवर्ड काढून.