एरॉन खुर्ची घ्यायची आहे, पण कोणते पर्याय निवडू? (उंची ५ फूट १ इंच)

रानजाई
नमस्कार. मी सीए आहे, ठाण्यात घरूनच काम करते. ऑडिटच्या महिन्यांत दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात. कंबरदुखी आता पायात उतरायला लागली आहे. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत आणि बसायची व्यवस्था बदला म्हणून बजावलंय. त्यामुळे एकदाच चांगली खुर्ची घ्यायची ठरवली आहे, लाखाच्या वर जाईल हे धरून चालले आहे.

हर्मन मिलरची एरॉन जवळपास नक्की होती. पण विक्रेत्याने पर्यायांचा फॉर्म पाठवला आणि मी अडकले. साइज ए (लहान), बी (मध्यम) की सी (मोठी). टिल्टचे, म्हणजे मागेपुढे झुकण्याचे, तीन प्रकार. कंबरेच्या आधाराचे दोन. हात स्थिर की सगळीकडे हलणारे. चाकं कार्पेटची की फरशीची. बेस साधा की पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचा. जवळजवळ प्रत्येक खुणेला पैसे वाढतात. विक्रेता म्हणतो, "मॅडम, बी घ्या, सगळ्यांना चालते आणि लगेच मिळेल."

वजन ५२ किलो. नवरा ५ फूट ११ इंच, तो संध्याकाळी तासभर बसतो. घरात व्हिट्रिफाइड टाइल्स. टेबल सुताराकडून करून घेतलेलं, अडीच फूट उंच. पैसे कुठे घालू आणि कुठे वाचवू? हेडरेस्ट लागते का?

सुतारपक्षी
ताई, मी पुण्यात ऑफिसांचं फर्निचर बसवून देतो. बी लगेच मिळते कारण ऑफिसं घाऊक बी मागवतात. तुम्ही ए घ्या, थांबावं लागलं तरी.

एरॉनची बैठक पुढेमागे सरकत नाही, तिची खोली साइजबरोबरच ठरते. बीमध्ये पाठ टेकून बसलात की पुढची कड गुडघ्यामागे रुतेल. मग माणूस आपोआप पुढे सरकून बसतो आणि ज्या आधारासाठी एवढे पैसे मोजले तो पाठीला लागतच नाही. उंचीचंही तसंच. बी कितीही खाली केली तरी साधारण ४१ सेंमीवर थांबते, ए अजून तीनेक सेंमी खाली जाते. तुमच्या उंचीला हे तीन सेंमी फार मोठे आहेत.

डिलिव्हरी आली की सही करण्याआधी पाठीच्या वरच्या कडेला मागच्या बाजूने बोट फिरवा. उंचवट्याचे ठिपके लागतील: एक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी.

चाकं फरशीचीच, म्हणजे मऊ रबरासारखी. कडक नायलॉनची चाकं कार्पेटसाठी असतात. टाइल्सवर ती खडखडतात आणि उठताना खुर्ची मागे पळते. हात मात्र पूर्ण हलणारेच घ्या, तिथे काटकसर नको. पॉलिश्ड बेस दिसतो छान, बसण्यात काडीचा फरक पडत नाही. ते पैसे वाचवा.

सिअ‍ॅटलकर
थोडं वेगळं मत. एरॉन उत्तम आहेच. बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक यांनी १९९४ मध्ये आणली, २०१६ मध्ये कंपनीने ती आतून बरीच बदलली, आणि जाळीची असल्याने ठाण्याच्या दमटपणात पाठ घामाने चिकटणार नाही. पण तुम्ही काम करता करता मांडी घालून बसता का? बसत असाल तर थांबा. एरॉनच्या जाळीभोवती कडक चौकट आहे, ती मांडीला आणि घोट्याला टोचते.

माझ्या ऑफिसात स्टीलकेसची जेश्चर आहे. फोमची बैठक, एक पाय वर घेऊन बसलं तरी चालतं. जेश्चर आणि त्याच कंपनीची लीप या दोन्हींची बैठक पुढेमागे सरकते, त्यामुळे दोघांनी वापरायच्या खुर्चीला त्या सोयीच्या. एरॉन मापाच्या चपलेसारखी आहे, ए घेतलीत तर नवऱ्याला ती होणार नाही.

हेडरेस्टबद्दल: मागे रेलून कॉल ऐकायचे किंवा वाचायचं असेल तरच तिचा उपयोग. ताठ बसून टाइप करताना डोकं तिला टेकत नाही आणि टेकूही नये. एरॉनला कंपनीची हेडरेस्ट येतच नाही, मिळतात त्या दुसऱ्यांनी केलेल्या.

पाठीराखी
नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. रानजाई, दुखणं पायात उतरतंय म्हणजे डॉक्टरांचे व्यायाम अजिबात सोडू नका. मुंग्या किंवा बधिरपणा वाढला, पायातली ताकद कमी वाटली तर खुर्चीची वाट न बघता परत दाखवा.

आता मापं. खुर्ची कुठलीही घ्या, आधी हे करा. लाकडी स्टुलावर अनवाणी बसा. अनवाणीच, कारण कंपन्यांचे तक्ते बूट घातलेल्या माणसाचे असतात आणि आपण घरात चपलासुद्धा घालत नाही. तिथेच दोन-अडीच सेंमी जातात. पाय फरशीवर सपाट. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून फरशीपर्यंत एक माप. पाठ भिंतीला टेकवून भिंतीपासून त्याच खळगीपर्यंत दुसरं. खांदे सैल सोडून कोपर काटकोनात, आणि स्टुलाच्या फळीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत तिसरं. घरात कुणाला तरी टेप धरायला सांगा, स्वतः वाकून घेतलेलं माप चुकतं.

ही तीन मापं आणि टेबलाची नेमकी उंची इथे लिहा. मला शंका टेबलाची आहे.

आणखी एक. नवरा तासभर बसतो आणि तुम्ही दिवसभर. माप तुमचंच धरायचं. त्यात दुसरा विचार नको.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मापं: गुडघा ते फरशी ३९, भिंत ते गुडघा ४३, फळी ते कोपर २१ सेंमी. टेबल ७५. मांडी घालून मी बसत नाही, जमतच नाही आता. व्हाउचर आणि बँकेची स्टेटमेंटं टेबलावर पसरून टिकमार्क करण्यात बराच वेळ जातो, स्क्रीन त्या मानाने कमी.

पाठीराखी
हे बघा. ३९ आणि २१ मिळून ६०. पाय जमिनीवर ठेवून बसलात तर तुमचं कोपर फरशीपासून ६० सेंमीवर आणि टेबल ७५ वर. पंधरा सेंमीचा फरक. आज दिवसभर खांदे उचलून काम करताय. खुर्ची वर घेऊन हे सुटणार नाही, कारण कोपर टेबलाला येण्यासाठी बैठक ५४ वर न्यावी लागेल. ए तेवढी वर जातच नाही, आणि गेली असती तरी पाय लोंबकळले असते. मांडीच्या मागे दाब येऊन पायाचं दुखणं वाढवायला तेवढं पुरतं. तेव्हा पहिला खर्च टेबलावर करा, खुर्ची त्यानंतर.

कागदांचं काम जास्त आहे तर नुसता कीबोर्ड ट्रे पुरणार नाही. टेबलच खाली आणा. पाय कापता येत असतील तर ६५ पर्यंत आणा. मग बैठक ४४ वर ठेवायची आणि पायाखाली पाच सेंमीचा पाट. नवऱ्यालाही ६५ फारसं अडचणीचं होणार नाही, तासाभराचा प्रश्न आहे. मॉनिटर स्टँडवर घ्या, म्हणजे मान खाली जाणार नाही.

फॉर्ममध्ये टिल्टचा तो पर्याय घ्या ज्यात मागचा कोन मर्यादित करता येतो आणि बैठक पुढेही झुकते. टिकमार्क करताना माणूस पुढे वाकतोच. बैठक पुढे कलली की कंबर गोल न होता सगळं धड एकत्र पुढे येतं. वाचताना ती परत सपाट करा, दिवसभर पुढे झुकवून ठेवली तर भार पायांवर येतो. कंबरेच्या आधारात पोश्चरफिट एसएल घ्या. त्यात कंबरेला एक आणि त्याखाली माकडहाडाच्या वरच्या भागाला एक असे दोन आधार असतात, आणि तुमच्यासारख्या दुखण्यात तो खालचाच जास्त कामाचा. सुरुवातीला टोचल्यासारखं वाटलं तर सैल करून हळूहळू वाढवा.

शोरूममध्ये ए बसून बघायला मिळाली तर रेलण्याचा ताण सगळ्यात कमी करून मागे झुका. ५२ किलो वजनाला खुर्ची सहज मागे जायला हवी आणि पाय जमिनीवरून उचलले जाता कामा नयेत.

सिअ‍ॅटलकर
मांडी नाही आणि कागदांचं काम, तर माझं मत मागे घेतो. पुढे झुकणारी बैठक जेश्चर आणि लीपमध्ये नाही. एरॉन ए बरोबर आहे. रिफर्बिश्ड (वापरलेली, दुरुस्त करून विकलेली) कुणी सुचवली तर वॉरंटीचं लेखी विचारा. कंपनीची १२ वर्षांची वॉरंटी पहिल्या खरेदीदाराला असते.

रानजाई
टेबलाचे पाय लाकडी आहेत, खाली लोखंडी पट्टी नाही. कापून घेते. सुतारपक्षी दादा, काही सांभाळायचं?

सुतारपक्षी
चारही पाय एकाच मापाने कापायला सांगू नका. घरातली फरशी क्वचितच एका पातळीत असते. टेबल जिथे राहणार त्याच जागी ठेवून प्रत्येक पायावर फरशीपासून दहा सेंमीवर खूण करून घ्या, आणि कापताना त्या खुणेपेक्षा एक सेंमी जास्त घालवायला सांगा. तेवढ्या जागेत खालून स्क्रूने वरखाली होणारे बूट बसतील. पुढेमागे ६६ हवं वाटलं तर बूट फिरवून होईल. खाली ड्रॉवर असेल तर आधी तो काढून ठेवा. ६५ च्या टेबलाखाली ड्रॉवर आला तर मांडीला जागा उरणार नाही.

खुर्चीची ऑर्डर टेबल झाल्यावरच द्या.