दुसरी हार्डडिस्क फॉरमॅट होईना म्हणून थेट 'क्लीन ऑल'?

खटपट्या
शेजारच्या धाग्यात एकाची १ टीबीची दुसरी डिस्क विंडोजमध्ये दिसते, पण फॉरमॅट शेवटाला जाऊन अडतं. सगळ्यात जास्त पसंती मिळालेलं उत्तर: 'डिस्कपार्टमध्ये क्लीन ऑल द्या, नाही जमलं तर भंगारात टाका.' (डिस्कपार्ट म्हणजे विंडोजचं डिस्क हाताळायचं कमांडचं साधन, क्लीन ऑल म्हणजे अख्खी डिस्क शून्यं लिहून पुसणं.) डोकं फिरलं वाचून. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासायचा प्रोग्राम उघडा आणि स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे) चार आकडे बघा: ०५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे), सी५ (संशयित सेक्टर), सी६ (न सुधारणारे सेक्टर), सी७ (केबलवरून डेटा येताजाताना झालेल्या चुका). मूळ आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पटीत) दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या. सी७ वाढतोय? मग पहिला संशय साटा केबलवर, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरवर. केबल बदला, पोर्ट बदला, मग फॉरमॅट करा. सी७ नंतरही खाली येत नाही, वाढायचा थांबला की झालं. चांगली डिस्क केबलपायी भंगारात जाते ती अशीच.

कोरेगावकर
प्रत्येकाला स्मार्ट वाचायला कशाला बसवताय? कितीदा नुसतं पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) बिघडलेलं असतं, नाहीतर डिस्कला रीड-ओन्ली (फक्त वाचा, लिहू नका) लागलेलं असतं. डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क, आकारावरून ओळखून सिलेक्ट डिस्क १, ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली, मग साधं क्लीन, जे फक्त पार्टिशनची नोंद पुसतं. पुढे कन्व्हर्ट जीपीटी (पार्टिशन टेबलचा नवा प्रकार), क्रिएट पार्टिशन प्रायमरी, फॉरमॅट एफएस=एनटीएफएस क्विक, असाइन. पाच मिनिटांचं काम.

खटपट्या
आणि त्याच डिस्कवर बूटलोडर (विंडोज सुरू करणारा प्रोग्राम) असला तर? दोन्ही डिस्क जोडून विंडोज टाकलं की ईएफआय पार्टिशन (बूट फाइल्सचा छोटा भाग) कधीकधी दुसऱ्या डिस्कवर बसतं. ती पुसली की मशीन उठणार नाही.

कोरेगावकर
अहो, चालू विंडोजमधून डिस्कपार्ट तसं करूच देत नाही! बूट, सिस्टिम किंवा पेजफाइलची (विंडोज जादा मेमरी म्हणून वापरतं त्या फाइलची) डिस्क असेल तर क्लीन सरळ नाकारतो. माहिती अर्धवट देऊन लोकांना घाबरवू नका.

खटपट्या
नाकारतो, मान्य. पण मग लोक इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून बूट करून तिथे क्लीन देतात. तिथे ही अडवणूक नाही, वर डिस्कचे नंबरही बदललेले असू शकतात. आधी पहिल्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन करून बीसीडीबूट या विंडोजच्या कमांडने बूट फाइल्स तिकडे न्या, तिच्यावरून मशीन सुरू होतंय बघा, मगच दुसरीला हात लावा.

सेक्टर_शून्य
तुम्हा दोघांच्या भांडणात क्लीन ऑल उगाच बदनाम होतंय. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर. त्यांचा निकाल लागतो लिहिल्यावरच: लिहिलं गेलं तर सेक्टर परत कामाला, नाहीतर राखीव सेक्टर त्याच्या जागी येतो आणि ०५ वाढतो. क्विक फॉरमॅट फक्त नोंदी नव्याने लिहितं, तिथपर्यंत पोचतच नाही. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटही शून्यं लिहितं. क्लीन ऑलला १ टीबीला दोन-तीन तास लागतात आणि पडद्यावर प्रगती दिसत नाही, म्हणून मध्येच बंद करू नका. संपल्यावर सी५ शून्य आणि ०५ जागच्या जागी, तर डिस्क दुय्यम कामाला ठेवा. दर फेरीला ०५ वाढला तर काढून टाका.

गल्लीतला_ग्राहक
मुळात ह्या डिस्क येतात कुठून ते बोला! सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून (चित्रण साठवणाऱ्या खोक्यातून) काढलेल्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात 'रिफर्बिश्ड' म्हणून मिळणाऱ्या. दिवसरात्र चालल्या की वर्षाचे ८,७६० तास. तीन वर्षं चाललेली डिस्क २६,००० तास ओलांडते. आणि स्मार्टच्या ०९ मधले (डिस्क किती चालली ते सांगणारे) तास शून्य करून विकतात! लेबलवरचा सीरियल नंबर आणि सॉफ्टवेअरमधला ताडून बघा, कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवरचे ओरखडे बघा.

कोरेगावकर
सरसकट सगळ्या दुकानदारांना चोर ठरवू नका. तास सांगून, वॉरंटी देऊन विकणारे आहेत. डीव्हीआरची डिस्क विंडोजला कोरी दिसते कारण तिची फाइलसिस्टिम वेगळी. साधं क्लीन दिलं की मोकळी.

गल्लीतला_ग्राहक
चोर कुणाला म्हटलं? तास पुसतात त्यांना म्हटलं, आणि म्हणणार. पैसे देण्याआधी स्मार्टची लाँग टेस्ट (अख्खी डिस्क वाचून बघणारी तपासणी) लावू देत नसेल तर तिथून उठायचं.

कोरेगावकर
लाँग टेस्टचं बोलणं रास्त आहे. तेवढं मानतो, बाकी नाही. आणि हो खटपट्या, सी७ आधी बघायला दोन मिनिटं जातात, तेही मान्य. पण सी७ स्थिर आणि सी५ शून्य असेल तर थेट क्लीनच.

सेक्टर_शून्य
मूळ प्रश्नकर्त्याने डिस्क यूएसबी डॉकला (डिस्क यूएसबीने जोडायच्या स्टँडला) लावली असेल तर ती काढून थेट मदरबोर्डवर लावावी. जुने डॉक २ टीबीच्या पुढे गडबडतात, ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवतात. शिवाय साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात. अडॅप्टर मरतुकडा असेल तर फॉरमॅट मध्येच तुटतं. आधी हे करा, मग चारही आकडे इथे टाका.