लोथार श्मिड : टपाली खेळाडू पटावर कमी पडतो का?

प्रश्न (जळगाव) : टपालाने बुद्धिबळ खेळणारा खेळाडू घड्याळासमोर बसला की फिका पडतो, असे आमच्या वाचनालयातील एका ज्येष्ठ सभासदांचे ठाम मत आहे. जर्मनीच्या लोथार श्मिड यांच्या कारकिर्दीवरून ते टिकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (भुसावळ) : टिकत नाही. १९२८ साली राडेबॉइल येथे जन्मलेल्या श्मिड यांना पटावरचा आणि टपाली असे दोन्ही ग्रँडमास्टर किताब १९५९ मध्येच मिळाले. त्याआधी त्यांनी डिकहॉफ स्मृती टपाली स्पर्धा जिंकली होती, दुसऱ्या टपाली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ते सोव्हिएत संघाचे रागोझिन यांच्या पाठोपाठ संयुक्त दुसरे आले, आणि पश्चिम जर्मनीकडून अनेक ऑलिंपियाडही खेळले. हे सारे बांबेर्गमधील घरचा प्रकाशन व्यवसाय सांभाळून! पत्रावरच्या खेळात उत्तराला दिवसच्या दिवस मिळतात, त्यामुळे विश्लेषण खोलवर मुरते, आणि ती शिदोरी पटावरही उपयोगी पडते.

उत्तर (धुळे) : सहमत आहे. तरीही आपल्याकडे त्यांची ओळख १९७२ च्या रेक्याविक (आइसलँड) येथील फिशर-स्पास्की जागतिक अजिंक्यपद सामन्याचे मुख्य पंच हीच आहे. दुसऱ्या डावाला फिशर आलेच नाहीत, तेव्हा नियमानुसार घड्याळ सुरू करून तो डाव स्पास्की यांना देणारे श्मिडच होते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. रविवारी वाचनालयात हे वाचून दाखवतो.