मदत हवी आहे: येऊरच्या पायथ्याच्या सोसायटीत माकडांचा उपद्रव, पिंजरा लावावा का?

सचिव_बी_विंग

नमस्कार मंडळी. ठाणे पश्चिमेला येऊरच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे. सात मजल्यांच्या तीन इमारती, मागची कंपाउंड भिंत जंगलाला लागूनच. पहाटे उजाडलं की माकडांची टोळी भिंतीलगतच्या उंबरावरून बी विंगच्या गच्चीवर उतरते. ऊन चढलं की जातात, चारनंतर पुन्हा हजर. वीस-बावीस तरी असतील, त्यात छातीला पिल्लं घेतलेल्या माद्या आहेत.

टाकीची झाकणं उघडतात, स्लायडिंग खिडकी सरकवून थेट ओट्यापर्यंत येतात. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी चावून फाडली. परवा पाचवीतल्या एका मुलाच्या हातातली पिशवी ओढली, त्यात त्याच्या मनगटावर ओरखडा उठला आणि थोडं रक्त आलं. घरच्यांनी हळद लावली.

काही सभासद शनिवारी केळी आणि चणे घालतात. कमिटीपुढे तीन सूचना आल्या आहेत: पिंजरा लावून पकडायचं आणि लांबच्या जंगलात सोडायचं, माकडं पळवायला वानर घेऊन येणाऱ्या माणसाला महिन्यावर ठेवायचं, नाहीतर वॉचमनला गुलेल आणि फटाके द्यायचे. रविवारी सभा आहे. जाणकारांनी सांगावं.

दवाखाना_काकू

बाकी सगळं नंतर. त्या मुलाला आजच डॉक्टरकडे न्या. रक्त आलं म्हणजे रेबीजच्या हिशेबात ती तिसऱ्या श्रेणीची जखम धरतात. त्यात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. दंडात घेतली तर लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत घेतली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. सरकारी रुग्णालयात ती मिळते. दोन दिवस उलटले म्हणून आता काय उपयोग, असं म्हणून थांबू नका, उशिरा का होईना सुरू करायचीच. धनुर्वाताचंही विचारा, आणि माकडाने ओरबाडलं आहे हे स्पष्ट सांगा. माकडांच्या तोंडातून येणारे आणखीही काही विषाणू असतात, ते डॉक्टरांच्या लक्षात राहायला हवं.

पुढे कधी असं झालं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याने जखम चिडते आणि विषाणू आतच राहतो.

सचिव_बी_विंग

धन्यवाद काकू, त्याच्या वडिलांना लगेच फोन केला. ते आता निघाले आहेत.

रानवाट

सचिवसाहेब, आधी कोणतं माकड ते नक्की करा. आपल्या भागात तीन प्रकार दिसतात. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीची कमान करून चालणारा तो वानर. मागचा भाग नारिंगी-तांबूस आणि शेपूट धडाच्या निम्मी, तो ऱ्हीसस, म्हणजे उत्तरेकडचं लाल तोंडाचं माकड. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस आणि शेपूट धडाइतकी किंवा जास्तच लांब असेल तर ते आपलं टोपी माकड. तोंडाच्या रंगावर जाऊ नका. टोपी माकडाच्या माद्यांचं तोंडही लालसर होतं आणि तिथेच लोक फसतात.

सचिव_बी_विंग

भांग आहे आणि शेपूट चांगली लांब आहे. म्हणजे टोपी माकड.

रानवाट

मग पिंजऱ्याचा विषय कमिटीने स्वतःच्या हातात घेऊच नये. टोपी माकड फक्त भारताच्या दक्षिण द्वीपकल्पात आढळतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि त्यात हा प्राणी अनुसूची १ मध्ये आहे. म्हणजे वाघाच्या रांगेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय पकडणं, गुलेल मारणं, जखमी करणं हा गुन्हा आहे. वानर बाळगून भाड्याने फिरवणंही त्याच कायद्यात अडकतं, आणि त्या माणसासोबत त्याला बोलावणारी कमिटीसुद्धा.

कायदा बाजूला ठेवला तरी पिंजऱ्याने काम होत नाही. त्याचं कारण टोळीच्या घडणीत आहे. टोळी माद्यांची असते. मुलगी जन्मभर आईच्या टोळीत राहते आणि तिचा मान आईच्या खालोखाल ठरतो. नर वयात आले की बाहेर पडतात आणि दुसऱ्या टोळीत शिरतात. पिंजऱ्यात आधी सापडतात ती धीट पोरं आणि तरुण नर. जुन्या माद्या लांबूनच पाहतात आणि शहाण्या होतात. तुमची गच्ची, तुमची टाकी, कुणाच्या खिडकीत काय असतं, हे सगळं ज्यांना ठाऊक आहे त्या जागेवरच राहतात. जी नेऊन सोडली ती दुसऱ्या टोळीच्या हद्दीत पडतात. तिथे मार खातात आणि जवळच्या पाड्यात किंवा वस्तीत शिरतात. माणसाच्या घरात कसं शिरायचं हे आधीच शिकलेली माकडं तुम्ही दुसऱ्याच्या दारात सोडलेली असतात. इकडे खाणं तेवढंच उरलं तर मोकळी जागा वर्षा-दोन वर्षांत भरते, कारण पोट भरलेली मादी लवकर वयात येते आणि दोन बाळंतपणांतलं अंतर कमी होतं.

म्हणून रविवारच्या सभेत एकाच प्रश्नावर बोला: त्यांना आपल्याकडे काय काय खायला-प्यायला मिळतं?

शनिवारची_सेवा

आमच्याच सोसायटीचा विषय आहे म्हणून लिहिते. केळी घालणाऱ्यांत आम्हीही आहोत. मारुतीच्या वारी मुक्या जिवाला घास द्यायचा यात वाईट काय? आणि एकदम बंद केलं तर ती उपाशी नाही का मरणार?

रानवाट

ताई, तुमच्या भावनेबद्दल आदरच आहे. उपाशी मरणार नाहीत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल त्यांच्या पाठीशी आहे: उंबर, वड, पिंपळ, करवंद, जांभूळ, भोकर, कोवळी पालवी, किडे. जंगलात खाणं विखुरलेलं असतं, त्यामुळे टोळी दिवसभर पसरून चरते. आपण ते एका ढिगात ठेवतो. ढिगावर आधी वरच्या मानाच्या माद्या आणि मोठे नर बसतात. खालच्या मानाची मादी, म्हणजे बहुतेकदा तीच जिची तुम्हाला दया येते, ती बाजूला चावे खाते. भांडणं वाढतात, जखमा वाढतात, आणि हातात पिशवी म्हणजे खाणं हे पिल्लं आईच्या मागून शिकतात. त्या मुलाची पिशवी ओढली गेली ती यातूनच.

बंद करायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी करा. नऊ घरांनी थांबवलं आणि दहावं कधीमधी घालत राहिलं तर ते रोज घालण्यापेक्षा वाईट. अधूनमधून मिळणारं खाणं माकड सर्वांत चिवटपणे शोधतं. आणखी एक गोष्ट सभासदांना आधीच सांगून ठेवा: पहिले काही आठवडे त्रास वाढेल, खिडक्या जास्त ठोठावतील, दमदाटी करतील. तिथेच लोक घाबरून पुन्हा केळी टाकतात आणि दमदाटीने मिळतं हा धडा पक्का होतो. सुरुवात करवंदं-जांभळं पिकतात तेव्हा किंवा पावसानंतर करा. रानात मुबलक असतं, सवय सोडवणं सोपं जातं.

फॅब्रिकेशनवाला

खिडक्या आणि गच्चीचं मी सांगतो.

नायलॉन जाळी कबुतरांपुरतीच. माकडाच्या सुळ्यापुढे ती टिकत नाही. स्टेनलेस स्टीलच्या तारांची इनव्हिजिबल ग्रिल चालते, पण दोन तारांमधलं अंतर २ इंच ठेवा. ३-४ इंचांवर मोठं माकड तारा फाकवून हात घालतं आणि पिल्लू सरळ आत जातं. खिडकीच्या गाळ्याची रुंदी जास्त असेल तर मधे पट्टी घ्या, नाहीतर तारा सैल पडतात. स्वयंपाकघराला २ बाय २ इंचाची वेल्डेड जाळी जास्त भरवशाची. कोणतीही ग्रिल असो, एक झडप आतून उघडणारी ठेवाच, आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी.

ज्यांना खर्च नको त्यांनी स्लायडिंगच्या खालच्या रुळात आतून मापाची लाकडी पट्टी आडवी टाकावी. खिडकी सरकतच नाही.

टाकीच्या झाकणावर वीट ठेवून भागत नाही, दोन माकडं मिळून ती ढकलतात. बिजागरीचं लोखंडी झाकण, कडी, कुलूप. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी. फ्लोट व्हॉल्व्ह गळत असेल तर आधी तो बदला. एप्रिल-मेमध्ये निम्मी माकडं खाण्यासाठी नाही, त्या पाण्यासाठी येतात.

पाइपांवरून चढत असतील तर जमिनीपासून ८ फुटांवर ३ फूट उंचीचा गुळगुळीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा गुंडाळा. मात्र शेजारी छज्जा, केबल किंवा फांदी असेल तर पत्र्याचे पैसे वाया, ती वळसा घालून जातात.

आणि ओला कचरा रात्री दाराबाहेर नको. डबा कडीचा, बाहेर काढायचा तो गाडीच्या वेळेलाच.

टोळीनिरीक्षक

मुलांना आणि वॉचमनना चेहरा वाचायला शिकवा, निम्मे चावे तिथेच टळतील.

टक लावून बघणं, भुवया वर, तोंड गोल उघडं पण दात झाकलेले, डोक्याचा पुढे झटका: ही धमकी. नजर खाली करा, तोंड त्याच्याकडेच ठेवून बाजूबाजूने मागे सरका. पाठ फिरवून पळू नका.

ओठ मागे ओढून दात विचकणं: हे हसू नाही आणि रागही नाही, ते घाबरलं आहे. लोकांना वाटतं माकड हसतंय आणि मोबाइल घेऊन जवळ जातात. कोपऱ्यात सापडलेलं घाबरट माकड सर्वांत आधी चावतं. तुम्ही दात दाखवून हसलात तर त्यालाही त्यातून गोंधळच कळतो.

मोठा नर भिंतीवर बसून सुळे दिसतील अशी जांभई देतो, तेव्हा त्याला झोप आलेली नसते, ताण आलेला असतो. तिथून मुलांना हलवा.

पिशवी पकडली तर सोडून द्या, ओढाओढीतच ओरखडे येतात. खेळणाऱ्या पिल्लाच्या आणि मादीच्या मधे उभं राहू नका. घरात शिरलं असेल तर आलेली वाट मोकळी ठेवा, आतलं दार लावा आणि बाजूला व्हा.

फटाके आणि वानराचे कटआउट थोडे दिवस चालतात, मग माकडं कटआउटवरच बसतात.

सचिव_बी_विंग

फार उपयोगी माहिती मिळाली. दोन शंका उरल्या. ए विंगमधल्या एका घराचं म्हणणं आहे की आई नसलेलं पिल्लू सापडलं तर आपण सांभाळू. आणि त्या उंबराच्या फांद्या तोडल्या तर चालतील का?

टोळीनिरीक्षक

पिल्लू घरात घेऊ नका, कायद्यानेही नाही आणि त्याच्यासाठीही नाही. १९५८ साली हॅरी हार्लो यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्रयोगांवरून दाखवलं होतं की ऱ्हीससची पिल्लं दूध देणाऱ्या तारेच्या बाहुलीपेक्षा मऊ कापडाच्या बाहुलीला चिकटून राहतात. पुढच्या प्रयोगांत जी पूर्ण एकटी वाढवली, ती मोठी झाल्यावर जातभाईंत मिसळू शकली नाहीत, माद्या स्वतःच्या पिल्लांना सांभाळू शकल्या नाहीत. माणसाच्या घरात वाढलेलं माकड वयात आलं की चावायला लागतं. मग ते साखळीला बांधलं जातं आणि टोळीही त्याला घेत नाही. पिल्लू एकटं दिसलं तर लांबून लक्ष ठेवा, लोकांना हटवा, टोळी जवळ असेल तर आई बहुतेक वेळा परत येते. जखमी असेल किंवा आई मेली असेल तर वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. मेलेलं पिल्लू घेऊन फिरणारी मादी दिसली तर ते हिसकावू नका, काही दिवसांनी ती स्वतःच सोडते.

रानवाट

उंबर अजिबात पाडू नका. तो फळत असला की टोळी बराच वेळ त्याच्यावर असते, तेवढा वेळ ती तुमच्या ओट्यावर नसते. गच्चीच्या कठड्यापासून ३-४ मीटरच्या आत आलेल्या फांद्या तेवढ्या छाटा, त्याहून लांबची उडी पिल्लंवाल्या माद्या सहसा घेत नाहीत. झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष जतन कायद्यानुसार आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि बुंधा भिंतीपलीकडे असेल तर वनखात्याची. अर्जासोबत फांदी आणि कठडा दोन्ही दिसतील असा फोटो आणि अंतराचं माप जोडा. फांदीवर घरटं असेल तर ते रिकामं होईपर्यंत थांबा.