बियांपासून बोन्साय: कार्तिकात गोळा केलेलं बी आत्ता पेरायचं की फाल्गुनापर्यंत ठेवायचं?

टिळकवाडी_गच्ची:
नमस्कार मंडळी. बोन्सायसाठी यंदा नर्सरीतली तयार रोपं न आणता बियांपासून सुरुवात करायची आहे. सध्या हाताशी आहे ते असं: कामिनीची ओंजळभर लाल फळं, पाव किलो आवळे, घरचे चिंचोके आणि एक मोठं कवठ. बोरं अजून हिरवी आहेत. शिवाय ऑनलाइन मागवलेलं जपानी मेपलच्या बियांचं एक पाकीट. गच्ची बेळगावात, पूर्वेला उघडी, दुपारी दोननंतर सावली.

विचारायचं असं की, यातलं आत्ता काय पेरायचं आणि काय थांबवायचं? माती कोणती घ्यायची? आणि मुख्य म्हणजे, रोपं बोटभर झाली की मातीलगत देठ काळा-पातळ पडतो आणि रोप आडवं होतं, ते कशानं? सोटमूळ कापतात म्हणतात, ते नेमकं कधी?

जांभा_माती:
आधी बियांची जात बघा. काही बी वाळलं की मरतं, काही वाळवून वर्षभर ठेवलं तरी जगतं. आत्ता पेरायचं की नाही ते यावरच ठरतं.

कामिनी (आपल्याकडे काही जण कुंती म्हणतात) पहिल्या गटातली. लिंबाच्या कुळातली आहे. फळ सुकलं की बीही गेलं. आजच गर काढा, राख किंवा बारीक वाळू लावून चोळा म्हणजे चिकटपणा जातो, धुवा आणि आठवड्याच्या आत पेरा. खोली अर्धा सेंटीमीटर, त्याहून जास्त नको. एरवी तीन ते पाच आठवड्यांत कोंब येतो, थंडीत आणखी थोडा उशीर. तोवर ट्रेवर प्लॅस्टिक ताणून ठेवा आणि दिवसाआड पाच मिनिटं उघडा.

कवठाचंही तसंच, फार थांबू नका. कवठ पिकलंय का ते बघायला वीतभर उंचीवरून फरशीवर सोडा: कच्चं उसळतं, पिकलेलं जागीच बसतं. गर चटणीला घ्या, बिया चाळणीत पाण्याखाली बोटांनी चोळून बुळबुळीतपणा पूर्ण काढा. तो राहिला तर दोन दिवसांत बुरशी धरते. एक सेंटीमीटर खोल पेरा, दोन-तीन आठवड्यांत उगवतं. बोन्सायसाठी हे झाड फार गुणी आहे, पानं लहान आणि खोडाची साल लवकर जुनी दिसते. त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही याचं वाईट वाटतं.

आवळा, चिंच आणि बोर मात्र थांबवा. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 13-14 अंशांपर्यंत उतरतो आणि या तिघांना रुजायला माती 25 ते 30 अंश लागते. आत्ता पेरलेलं बी ओल्या गार मातीत पडून राहतं आणि कुजतं. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बरोबर. शिवरात्रीनंतर पेरलं तर पुढे उन्हाळा आणि वळीव, दोन्ही मिळतात.

आवळ्याचा गर काढून आठळ्या उन्हात पसरा आणि वरून पातळ फडकं बांधा. दोन-तीन दिवसांत आठळी तडकते आणि बी उडतं. फडकं नसेल तर निम्मं गच्चीभर शोधत बसावं लागतं. एका आठळीत सहा बिया असतात. त्या कागदी पाकिटात, कोरड्या डब्यात ठेवा. पेरायच्या आदल्या दिवशी पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका.

बोराचं बी कठीण कवचात असतं. आख्खं पेरलं तर महिना लागतो. अडकित्त्यानं हलक्या हातानं कवच फोडून आतला गर पेरला तर साधारण आठवड्यात उगवतो. आतल्या गराला खरचटलं तर मात्र ते बी बाद.

चिंचोक्यांवर उकळतं पाणी ओता आणि रात्रभर ठेवा. फुगतील ते पेरा.

निपाणी_कुंड्या:
वरच्या एका गोष्टीत दुरुस्ती सुचवतो, राग मानू नका. चिंचोक्यांवर थेट उकळतं पाणी नको. भांडं आचेवरून उतरवून वाफ ओसरू द्या, मग ओता. ताज्या हंगामाच्या चिंचोक्यांना तर साध्या पाण्यात 24 तास पुरतात. जुने असतील आणि फुगत नसतील तर डोळ्याची टोकाकडची बाजू सोडून कडेला पॉलिश पेपर घासा. आतला पांढरा भाग जेमतेम दिसला की थांबा. परत भिजवले की दुसऱ्या दिवशी दुप्पट झालेले दिसतील.

आता माती. चिकोडी-निपाणीकडची काळी माती बोन्सायला घेऊच नका. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात आणि बारीक मुळ्या त्या भेगांत तुटतात. खानापूरकडची तांबडी माती बरी, पण तीही एकटी वापरली की पावसाळ्यात घट्ट बसते. खरा आधार विटेच्या चुऱ्याचा. पक्की भाजलेली वीट घ्या. कच्ची पाण्यात विरघळून चिखल होतो. बादलीभर पाण्यात तुकडा टाकून रात्रभर ठेवला की लगेच कळतं.

वीट हातोडीनं फोडा आणि दोन चाळण्यांतून काढा. 2 मिलिमीटरखालची धूळ टाकून द्या, तीच मुळांचा श्वास कोंडते. 2 ते 3 मिलिमीटरचा चुरा पेरणीला, 3 ते 6 चा पुढे कुंडीला. पेरणीसाठी दोन भाग चुरा आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या, त्यात खार असतो. पेरणीच्या मातीत खत अजिबात नको. बीमध्ये पहिल्या दोन पानांपुरतं अन्न असतंच. नंतरच्या कुंडीसाठी तीन भाग चुरा, एक भाग चाळलेली तांबडी माती, एक भाग वर्षभर कुजलेलं शेणखत.

आणखी एक, बेळगावात हे सांगायलाच हवं. फाउंड्रीची (धातूच्या ओतकाम कारखान्याची) टाकाऊ काळी वाळू स्वस्तात मिळते म्हणून काही जण कुंडीत घालतात. तिच्यात बेंटोनाइटची चिकणमाती आणि कोळशाची पूड असते. पाणी साठतं आणि मुळं गुदमरतात. नदीची जाड वाळू धुवून घ्या, नाहीतर विटेवरच भागवा.

रोप आडवं पडतं ती मर. मातीतली बुरशी देठ जमिनीलगत खाते. कारणं तीन: दाट पेरणी, संध्याकाळचं पाणी आणि न कुजलेलं शेण. बियांमध्ये 3 सेंटीमीटर अंतर ठेवा. पाणी सकाळी दहाच्या आत द्या आणि तेही खालून: ट्रे पसरट पातेल्यात ठेवा, वरची माती काळी पडली की उचला. पेरणीवर अर्धा सेंटीमीटर कोरड्या विटेचा थर दिला तर देठाजवळ ओल राहत नाही. एखादं रोप पडलंच तर भोवतालच्या मातीसकट काढा आणि बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं बुरशीनाशक) लिटरला 3 ग्रॅम करून मातीत ओता. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरत असाल तर दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. तांबं त्या उपयोगी बुरशीलाही मारतं.

शहापूर_चहाटपरी:
मेपलबद्दल थोडक्यात. त्या बीला रुजायच्या आधी थंडी लागते. ओल्या कोकोपीटमध्ये घालून, पिशवीत बंद करून, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात 90 ते 120 दिवस. आत्ता ठेवलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरता येईल. उगवेलही. पण अडचण पुढे आहे. या झाडाला दरवर्षी हिवाळ्याची झोप लागते आणि आपल्याकडचा हिवाळा त्याला पुरत नाही. एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा करपतात आणि झाड एक-दोन वर्षांत थकतं. पाकिटावर निळी पानं छापली असतील तर बी सरळ टाकून द्या, निळ्या पानांचा मेपल नसतोच. ‘बोन्सायचं बी’ अशीही वेगळी जात नाही. कुठल्याही झाडाचं साधंच बी असतं. जपानीत बियांपासून वाढवलेल्या झाडाला मिशो म्हणतात, तिथेही ते आपापल्या डोंगरातलंच बी पेरतात.

आणि हो, बी गोळा करायला भीमगड अभयारण्यात शिरू नका, तिथून काही उचलायला मनाई आहे. शेताचे बांध, रस्त्याकडेची झाडं, देवळांची आवारं पुष्कळ आहेत. वड-पिंपळ हवा असेल तर फळ पाण्यात कुस्करा, तळाला बसलेलं राईहून बारीक बी ओल्या चुऱ्यावर नुसतं पसरा. झाकू नका, त्याला उजेड लागतो.

जांभा_माती:
चिंचोक्यांबद्दलची दुरुस्ती मान्य, बरोबर आहे ती.

सोटमुळाचं राहिलं होतं. बियांपासून वाढवण्याचा सगळा फायदा याच कापात आहे. बोन्सायच्या खोडाच्या बुडाशी मुळं चहूबाजूंनी पसरलेली दिसायला हवीत. रानातून उपटलेल्या झाडात ती क्वचितच मिळतात, इथे ती आपण घडवू शकतो. लोक आळस करतात, दोन वर्षांनी कापतात. तोवर सोटमूळ बोटाएवढं जाड झालेलं असतं, बाजूची मुळं केसाएवढी, आणि मग ती बरोबरीला कधीच येत नाहीत.

फेब्रुवारीत पेरलेली चिंच जूनपर्यंत 10-12 सेंटीमीटर होते. मृगाचा पाऊस स्थिरावला, हवेत ओल आली की तीच वेळ. रोप मातीसकट पाण्याच्या बादलीत बुडवा, माती आपोआप सुटू द्या, ओढू नका. खोड-मुळाच्या सांध्यापासून 3 सेंटीमीटर खाली नव्या ब्लेडनं आडवा काप द्या. त्या 3 सेंटीमीटरमध्ये बाजूची चार-पाच मुळं असायलाच हवीत. नसतील तर फक्त निम्मं सोटमूळ कापा आणि उरलेलं पुढच्या जूनला. मग कुंडीत मातीच्या थरावर फुटक्या कौलाचा सपाट तुकडा ठेवा, रोप त्याच्यावर बसवा आणि मुळं चक्राच्या आऱ्यांसारखी बोटांनी पसरा. खाली कौल असल्यामुळे मुळं आडवीच जातात. वरून दोन सेंटीमीटर माती.

त्याच दिवशी शेंडा मात्र छाटू नका. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न ती पानंच करतात. पंधरा दिवस सावली, तीन आठवडे खत नाही. चिंचेची पानं रात्री मिटतात. काप दिल्यावर दिवसाही अर्धवट मिटलेली राहतात. सकाळी ती पूर्ण उघडलेली दिसली की समजा रोप लागलं.

बोराचं सोटमूळ झपाट्यानं खाली जातं, त्याला जूनपर्यंत थांबू नका. पाच आठवड्यांचं झालं की कापा आणि उन्हाळा असल्यानं पूर्ण सावलीत ठेवा. कामिनी संथ आहे, तिला पुढच्या वर्षीचा जून. आवळ्याचं मूळ ठिसूळ, धुताना सांभाळा.

यानंतर लगेच उथळ कुंडीत घालू नका. तिथे खोडाची वाढ थांबते. 10 इंची कुंडीत किंवा जमीन असेल तर वाफ्यात चार-पाच वर्षं वाढू द्या. खोड जाड व्हायला हवं असेल तर खालची एक फांदी मुद्दाम बेफाम सोडा, तिला सॅक्रिफाइस ब्रांच म्हणतात. हेतू साधला की ती कापायची. खोडाला वळण द्यायचं ते मात्र पेन्सिलीपेक्षा बारीक असतानाच. फांदीच्या एक तृतीयांश जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार घ्या. पावसाळ्यात सहा आठवड्यांनी बघा, सालीत रुतायच्या आधी तुकडे करून काढा. उलटी फिरवून सोडवायला गेलं की साल सोलते.

पुढे उथळ कुंड्या लागतील तेव्हा खानापूरच्या कुंभारांकडून करून घेता येतील. फक्त भाजायच्या आधीच तळाला बोटभर रुंदीची दोन भोकं पाडायला सांगा. भाजल्यावर ड्रिल मारलं की तडा जातो.

टिळकवाडी_गच्ची:
सगळ्यांचे आभार. मेपल बाजूला ठेवतो, कवठ आजच फोडतो. एकच शंका: कामिनीची फळं दहा दिवस कागदावर पसरलेली होती, थोडी सुरकुतलीत. वापरू का?

जांभा_माती:
पेरून बघा, पण त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, दहातून एखादं उगवलं तरी खूप. कामिनीची फळं एकदम पिकत नाहीत, मागेपुढे होतात, त्यामुळे त्याच झाडावर अजून मिळतील. केशरी नको, गडद लाल तोडा. दोन बोटांत दाबल्यावर सालीतून बी सुटून सहज बाहेर आलं की त्याच दिवशी पेरा.